निळ्या ठिपक्याचा पेला

प्रिय बाबा,

सलग तिसऱ्या रविवारी आईनं फोनवर सांगितलं की तुम्ही गच्चीवर गेला आहात. बाबा, आपल्या घराला गच्ची नाही. वर पत्रा आहे, आणि त्या पत्र्यावर मांजर चाललं तरी आई खालून ओरडते. पहिल्या रविवारी मला हसू आलं. दुसऱ्या रविवारी राग आला. आणि काल आईचं वाक्य संपायच्या आतच मागून तुमचा दबका आवाज ऐकू आला, "जेवली का विचार," तेव्हा मात्र मला ना हसता आलं, ना रागावता. आईनं लगेच विचारलंसुद्धा, "जेवलीस का गं?" जणू तिलाच सुचलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणून तुम्ही तिला पुढे करता, आणि तिला तर तुमच्याहूनही येत नाही. म्हणून हे पत्र. पत्रापासून गच्चीवर पळता येणार नाही. चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात धरून, तपासणीला आलेल्या मालासारखं तुम्ही ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बघणार, याची मला खात्री आहे.

तुम्ही माझ्याशी बोलायचं कधी थांबलात ते मला नेमकं ठाऊक आहे. मी घरी आले होते, त्या दुपारच्या जेवणात. घरातली पहिली पदवीधर, त्यात पहिली नोकरी, त्यातही संशोधन केंद्रात. माझ्या जिभेला हाड उरलं नव्हतं. आई म्हणाली, "आधी घास गीळ, मग संशोधन कर." तुम्ही मात्र हातातला घास थांबवून ऐकत होतात, आणि विचारलंत, "म्हणजे तुम्ही शोधता काय, नक्की?" मी पाठ केल्यासारखं सांगितलं, की आईवडिलांना पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गांची, म्हणजे टीबीसारख्या आजारांची, काही खूण मुलांच्या श्वासात उतरते का, ते आम्ही बघतो. तुम्ही विचारलंत, "आणि उतरते?" मी हसत हसत म्हणाले, "तसंच दिसतंय, बाबा!" तुम्ही ताट तसंच ठेवलंत, तुमच्या पेल्यातलं पाणी एका दमात संपवलंत आणि "पाणी भरून येतो" म्हणून बाहेर गेलात. हंडा काठोकाठ भरलेला होता. मला वाटलं, मी फार बोलते म्हणून कंटाळलात.

मी काय काम करते ते तुम्हाला त्या दिवशी अर्धंच सांगितलं, आणि अर्धी गोष्ट किती वाईट असते ते मला आता कळतंय. आम्ही घरोघरी जातो. बरोबर श्वास मोजायचं एक छोटं यंत्र असतं, त्याला नळी असते. माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत फुंकायचं. मी शेजारी उभी राहून "अजून, अजून, अजून, थांबू नका" असं ओरडायचं. सगळा दिवस ओरडून माझाच आवाज बसतो. मग प्रश्न. सतरावा प्रश्न असा आहे: आईला किंवा वडिलांना कधी टीबी झाला होता का? या प्रश्नाशी आलं की कुणी उठून खिडकी लावतं, कुणाला एकदम चहाची आठवण येते. एका धोबीणबाईंनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "हो लिहा. पण माझ्या लेकाला कळता कामा नये. नाहीतर उद्या नुसता शिंकला तरी माझ्या नावानं शिंकेल." मी केंद्रात परत येऊन आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना तावातावानं म्हणाले, की लोक इतके का लपवतात, आजार म्हणजे काय चोरी आहे? बाई "तुझा स्वतःचा फॉर्म भरून झाला का?" एवढंच म्हणाल्या.

कारण आम्हा सगळ्यांना सरावासाठी आधी स्वतःचा फॉर्म भरावा लागतो. मला लहानपणापासून दमा, म्हणजे मी तर हक्काचीच उमेदवार. सतराव्या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिलं होतं. शाईच्या पेनानं. खाली रेघसुद्धा ओढली होती.

दमा म्हटलं की मला औषध आठवायच्या आधी तुम्ही आठवता. मी पाच-सहा वर्षांची असेन. श्वास आत जायचा पण बाहेर यायचा नाही, छातीत शिट्टी वाजायची, आणि आई औषधाचा पंप शोधत डबे पालथे घालायची. तुम्ही मला समोर बसवायचात आणि म्हणायचात, "अगं बुडबुडे, इकडे बघ. तुझ्या ओठांपुढे नळी आहे. नळीच्या टोकाला तापलेली काच आहे, लाल. आता फुंक. जोरात फुंकलंस तर फुगा फुटेल. थांबलीस तर बसेल. सावकाश. आत्ता कुठे लिंबाएवढा झालाय. अजून वाढव." मी ओठांचा चंबू करून फुंकत राहायची. फुगा लिंबाचा संत्र्याएवढा व्हायचा, संत्र्याचा नारळाएवढा, आणि तोवर पंप सापडलेला असायचा, औषध गेलेलं असायचं आणि छातीतली शिट्टी उतरणीला लागलेली असायची. मग तुम्ही तो नसलेला फुगा माझ्यापुढून दोन हातांनी उचलून कपाटावर ठेवायचात, गार व्हायला. आपल्या कपाटावर असे किती फुगे असतील, बाबा? मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई एका मुलाला धाप लागल्यावर श्वास कसा सोडायचा ते शिकवत होत्या. ओठ चंबूसारखे, श्वास लांब, सावकाश. मी म्हणाले, हे तर मला येतं. त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हणाले, काच फुगवणाऱ्या कारागिरानं. त्या म्हणाल्या, "त्यांना कुणी शिकवलं?" मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. काच फुगवणाऱ्याला फुंकणं शिकवावं लागतं का?

पण तुम्ही तर काच फुगवत नव्हतात. मला कळायला लागल्यापासून तुम्ही तपासणीच्या टेबलावरच आहात. कारखान्यात प्रयोगशाळेची भांडी व्हायची, गोल बुडाच्या चंबूसारख्या बाटल्या, आत गुंडाळलेली नळी असलेल्या नळ्या, आणि बाकीचे कारागीर जांभळट चष्मे लावून ज्योतीशी बसायचे. तुम्ही मात्र कोपऱ्यात, दोन काळसर काचांच्या मध्ये एकेक भांडं धरून काचेतला ताण, म्हणजे पुढे तडा कुठे जाऊ शकेल ते, बघायचात. मी शाळेत निबंध लिहिला होता, "माझ्या बाबांची बढती". बाबांचे डोळे इतके चांगले आहेत, की मालकांनी त्यांना फुंकायचं काम सोडायला लावून तपासणीला बसवलं. तुम्हीच तसं सांगितलं होतंत. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन मी तुम्हाला वाचून दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "शुद्धलेखन छान आहे." आणि आई उगाचच आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली.

आपल्या घरात आणखी एक शब्द होता, "ऑर्डर". माझ्या जन्माच्या आधी तुम्ही आठ महिने मोठ्या ऑर्डरवर बाहेरगावी होतात. आईच्या बोलण्यात सगळा काळ त्या ऑर्डरनंच मोजला जायचा. ही पातेली ऑर्डरच्या आधीची, तो पलंग ऑर्डरनंतरचा. मी विचारायची, "बाबा, ऑर्डरवरून तुम्ही काय आणलंत?" तुम्ही नेहमी एकच उत्तर द्यायचात, "तुला." मला वाटायचं, लाडानं म्हणताय.

आणि तो पेला. तुमचा स्वतःचा, तुम्हीच ज्योतीवर घडवलेला, बुडाशी निळ्या काचेचा ठिपका असलेला. घरातल्या बाकीच्या भांड्यांत तो कधी मिसळला नाही. वेगळा घासायचा, वेगळा पालथा घालायचा, खिडकीत वेगळा ठेवायचा. आई चिडवायची, "राजेसाहेबांचा पेला आणा हो!" आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. एकदा, मी सात वर्षांची असताना, खेळून घामाघूम होऊन आले आणि समोर दिसला म्हणून त्यातून पाणी प्यायले. तुम्ही असे ओरडलात की पेला माझ्या हातातून सुटला. फुटला नाही, चांगल्या काचेचा होता. तुम्ही आधी पेला उचलला नाहीत, मला उचललंत आणि नळाखाली माझं तोंड धुतलंत, पुन्हा पुन्हा, मी रडत असताना. आयुष्यात तेवढे एकदाच माझ्यावर ओरडला आहात. किती तरी वर्षं मला वाटायचं, माझ्या बाबांना माझ्यापेक्षा पेला प्यारा आहे.

काल फोन ठेवल्यावर अर्ध्या तासानं आईचा पुन्हा फोन आला. भाजीच्या निमित्तानं बाहेर पडली होती. रस्त्यावरची गर्दी, हॉर्न, आणि त्यात आई मला सव्वीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सांगत होती. मध्येच "वांगी नकोत, वांगी नकोत" असं कुणाला तरी सांगत होती. तिच्यावर रागावू नका. ती म्हणाली, "त्यांनी मला शपथ घातली होती. पण शपथ काय, ती माणसासाठी असते. माणूसच असा कुढायला लागला तर शपथेचं काय लोणचं घालू?"

म्हणजे ती ऑर्डर अशी होती तर. खोकला, ताप, आणि मग रुमालावर रक्त. दोन महिने इस्पितळात, सहा महिने गावाबाहेरच्या एका खोलीत एकटे. आई रोज डबा आणि पाणी उंबऱ्याशी ठेवून दहा पावलं मागे उभी राहायची, आणि तुम्ही दोघं दहा पावलांवरून गप्पा मारायचात. ती सांगत होती, की इस्पितळातल्या एका नर्सबाईंनी तुम्हाला धाप लागल्यावर श्वास सावकाश सोडायला शिकवलं. तुम्हाला नुसतं जमेना, तेव्हा तुम्हीच काचेच्या फुग्याची कल्पना काढलीत. आठ महिन्यांत एक गोळी चुकवली नाहीत. उलट्या झाल्या तरी नाही. एकेक महिना संपला की पेल्याच्या बुडाशी काच कापायच्या हिरकणीनं एकेक रेघ ओढायचात. बाबा, निळ्या ठिपक्याभोवतीच्या त्या आठ रेघा मी आयुष्यभर नक्षी समजत होते.

आणि बढती. तुम्ही ठणठणीत होऊन परत गेलात, हातात डॉक्टरांचा कागद होता, तरी कारखान्यात फुंकायची रबरी नळी तुमच्याबरोबर वापरायला कुणी तयार होईना. वेगळी नळी आणतो म्हणालात, तरी नाही. गावातल्या सगळ्यात चांगल्या फुंकरीच्या माणसाला कोपऱ्यातलं टेबल दिलं, आणि तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "चला, डोळ्यांना काम मिळालं." त्या टेबलावर तुम्ही पंचवीस वर्षं काढलीत, आणि एकाही कारागिराचं वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. उलट त्यांच्या बाजूनं भांडलात. मला आठवतं, मी शाळेतून डबा द्यायला आले होते. एक मोठी बाटली तडकली होती आणि मालक फुंकणाऱ्याला झापत होते. तुम्ही ती दोन काचांच्या मध्ये धरलीत आणि शांतपणे म्हणालात, "साहेब, तडा दिसतो एक, कारणं असतात दहा. ज्योत कमी पडली असेल, नळीतच खोट असेल, दार उघडं राहून वारा लागला असेल, भट्टीतून लवकर काढली असेल. फुंकणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी घेऊ नका." मालक गुरगुरत गेले. तो कारागीर, आई म्हणते, तुमच्याबरोबर नळी वापरायला सगळ्यात आधी नकार देणाऱ्यांपैकी होता.

आता माझं ऐका, आणि या वेळी पूर्ण ऐका, कारण त्या दिवशी मी अर्धं बोलले. काही अभ्यासांत असं दिसल्यासारखं वाटतं, की ज्यांच्या आईवडिलांना टीबी होऊन गेला, त्यांच्यापैकी थोड्या अधिक मुलांना दमा असतो. थोड्या अधिक. असं का, हे अजून कुणालाही नक्की माहीत नाही. मला तर मुळीच नाही. हजारो माणसांच्या आकड्यांत काही दिसलं, तरी त्यातून एका माणसाचं कारण सांगता येत नाही. माझ्या दम्याचं कारण काय? आपल्या गल्लीचा धूर असेल, आईच्या आजीला दमा होता तो असेल, घरातली ओल असेल, तुमचा तो आजार असेल, नाहीतर यांतलं एकही नसेल. तडा एक, कारणं दहा. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. इतक्या मोठ्या मनानं आख्ख्या कारखान्याला जे लावलंत, ते स्वतःला लावायची वेळ आली तेव्हा मात्र फुंकणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी घेऊन मोकळे झालात. हे बरोबर नाही, बाबा. तपासणी सगळ्यांना सारखी हवी.

आणि समजा, उद्या कुणी सिद्धच केलं, की माझ्या छातीतल्या शिट्टीत तुमच्या त्या आठ महिन्यांचा वाटा आहे. मग? त्या आजाराला तुम्ही बोलावलं नव्हतंत. तुम्ही काय केलंत ते मला आता माहीत आहे. एकट्यानं आठ महिने औषध घेतलंत आणि बरे होऊन परत आलात. नसतात आलात, तर दमा व्हायला मी कुठे असते? ऑर्डरवरून मला आणलंत हे अगदी खरं बोलत होतात. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

आमच्या कामात पदव्या असलेली खूप माणसं आहेत. मी त्यांच्यात बसते तेव्हा अजून मला भीती वाटते, की कुणीतरी विचारेल, तू इथे कशी? तुम्ही माझं पदवीचं प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलंत आणि म्हणालात, "चपट्या काचेला मी काच मानत नाही, पण यासाठी मानली." यापुढे कुणी मला विचारलं तर मी सांगणार आहे, की आमच्या घरात श्वासाचा अभ्यास माझ्या आधीपासून चालतो. मी दुसरी आहे.

फक्त एक चूक तुम्ही केलीत, आणि ती दाखवायचा हक्क मला तुमच्याकडूनच मिळालेला आहे. तो आजार पेल्यातून पसरत नाही, बाबा. उष्ट्या भांड्यातून नाहीच. तो खोकल्यावाटे, हवेतून पसरतो, आणि तुम्ही तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पूर्ण बरे झाला होतात. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून तुम्ही सव्वीस वर्षं स्वतःच्याच घरात एक पेला वेगळा ठेवलात. त्या धोबीणबाईंना दाराबाहेर जे सांगावं लागलं, ते तुम्हाला दाराबाहेरही सांगता आलं नाही. त्या दिवशी माझं तोंड का धुतलंत ते मला काल, इतक्या वर्षांनी, कळलं. भर बाजारात आई फोन धरून उभी होती आणि मी इकडे रडत होते, तेव्हा तीच मला म्हणाली, "सावकाश गं, फुगा फुटेल."

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. आईनं शेवटी एक गोष्ट सांगितली. त्या दुपारी तुम्ही पाणी भरायला म्हणून गेलात, नळाशी बसलात आणि तिला म्हणालात, "पोरीला श्वास सोडायला शिकवत होतो, आणि तिचा श्वास अडवला होता मीच." हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं, म्हणून मी लिहिते आहे. आज सकाळी मी माझा फॉर्म पुन्हा बाहेर काढला. सतराव्या प्रश्नापुढचं "नाही" खोडलं आहे आणि बाजूला "हो" लिहिलं आहे, पण पेन्सिलीनं. कारण ती गोष्ट तुमची आहे, आणि तुम्ही नको म्हणालात तर मी ती पुसून फॉर्मच मागे घेईन, कुणालाही कळणार नाही. पण तुम्ही हो म्हणावं असं मला फार वाटतं. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी केंद्रात या, आईला घेऊन. मला तुमचा श्वास मोजायचा आहे. तुम्ही नळीत फुंकाल आणि मी शेजारी उभी राहून "अजून, अजून" म्हणेन. पंचवीस वर्षांनी कुणीतरी तुम्हाला फुंका म्हणणार आहे, आणि ती नळी दुसऱ्या कुणी वापरलेली नसेल, प्रत्येकाला नवीच देतो. मग त्या "हो"वर शाईनं तुम्हीच गिरवा. येताना तो पेला आणा. तो मी भरेन. आधी मी पिईन, आणि माझं उष्टं तुम्ही प्यायचं, ओरडायचं नाही.

तुमचीच,
बुडबुडी